प्रोजेक्टरवर आलेली जाहिरात

जुलै २०२३. कराडात चार दिवस पावसानं उघडीप दिली नव्हती आणि वर्गातल्या निम्म्या मुलांचं लक्ष कोयनेकडे होतं. नदीकाठच्या गावांतून येणारी मुलं ती. धरणात किती टीएमसी झालं हे त्यांना तोंडपाठ असतं. मी कनिष्ठ महाविद्यालयात भूगोल शिकवते. अशा दिवशी धडा पुढे रेटण्यात अर्थ नसतो, म्हणून माझाच लॅपटॉप प्रोजेक्टरला जोडला आणि पावसाचा नकाशा दाखवणारी एक वेबसाइट उघडली. अरबी समुद्रावरून सरकणारे ढग, घाटमाथ्यावर गडद होत जाणारा निळा रंग. मुलं गप्प होऊन बघत होती.

नकाशाच्या उजवीकडचा एक चौकोन भरायला जरा वेळ लागला. भरला तेव्हा त्यात ठळक मराठी अक्षरांत लिहिलं होतं, ‘घरातल्या माणसाची दारू सोडवायची आहे? आजच फोन करा.’ शेजारी डोक्याला हात लावून बसलेल्या बाईचा फोटो. मी घाईनं पान खाली सरकवलं, तर खाली तीच जाहिरात आडवी पसरलेली. तिसऱ्या बाकावरून कुणीतरी विचारलं, “मॅडम, तुमच्यात कोण पितं?”

वर्ग हसला. विचारणाऱ्या मुलाच्या मनात काही वाईट नव्हतं हे मला तेव्हाही कळत होतं. पण मला उत्तर सुचलं नाही. माझा धाकटा भाऊ पीत होता. आदल्या तीन रात्री मी याच लॅपटॉपवर व्यसनमुक्ती केंद्रांच्या वेबसाइट चाळत बसले होते. पलीकडच्या खोलीत आई झोपलेली असायची, तिच्या कानावर जाऊ नये म्हणून मी कुणाशी फोनवरही बोलले नव्हते. जे आईला सांगितलं नव्हतं ते बारावीच्या वर्गाच्या भिंतीवर माणसाच्या उंचीएवढं होऊन उभं होतं.

(हे सगळं मी भावाला आधी वाचून दाखवलं आहे. ‘लिही’ म्हणाला, म्हणून लिहिते आहे.)

त्या दिवशी मी घरी येऊन ब्राउझरची हिस्ट्री पुसली आणि आता झालं, असं समजले. दोन दिवसांनी स्वयंपाकाची पाककृती बघताना तीच बाई पुन्हा डोक्याला हात लावून समोर. तेव्हा मात्र मला राग आला, आणि त्या रागातूनच पुढचं सगळं शिकणं झालं.

शिकवलं माझ्याच एका जुन्या विद्यार्थ्यानं. पुण्यात नेटवर्कच्या कामात आहे. गणपतीला गावी आला की भेटून जातो. त्याला मी भावाचं काही सांगितलं नाही, एवढंच विचारलं की एका साइटवर बघितलेली गोष्ट दुसऱ्या साइटला कळते कशी. त्यानं लॅपटॉप पुढे ओढला आणि म्हणाला, “मॅडम, तुम्हाला वाटतं तुम्ही एक पान उघडलंय. बघा आता, किती जण उघडलेत ते.”

त्यानं जे समजावलं ते माझ्या शब्दांत सांगते. बाजारपेठेत तुम्ही दहा दुकानांत गेलात. दुकानं वेगवेगळी, मालक वेगवेगळे. पण प्रत्येक दुकानाच्या दारात एकाच सावकाराचा एक एक माणूस वही घेऊन बसलेला आहे. पहिल्या दुकानात त्यानं तुमच्या खिशात नंबर लिहिलेली चिठ्ठी सरकवली. पुढच्या दुकानात त्याच सावकाराचा दुसरा माणूस ती चिठ्ठी वाचतो आणि वहीत नोंद करतो : हा नंबर आधी तिकडे जाऊन आला. तुमचं नाव त्याला माहीत असण्याची गरजच नाही. ही चिठ्ठी म्हणजे कुकी. लू मॉन्टुली या, नेटस्केप नावाच्या ब्राउझर कंपनीतल्या इंजिनिअरनं १९९४ मध्ये ती तयार केली तेव्हा हेतू साधा होता. दुकानानं आपल्याच गिऱ्हाइकाला ओळखावं, टोपलीत काय टाकलं ते लक्षात ठेवावं. सावकाराची माणसं नंतर येऊन बसली.

व्यसनमुक्ती केंद्राच्या पानावर जाहिरात कंपनीचा एक छोटा स्क्रिप्टचा तुकडा, म्हणजे पानासोबत आपोआप चालणारा प्रोग्राम, होता. हवामानाच्या पानावरची रिकामी जागा तीच कंपनी भरत होती. केंद्राला वाटलं असणार, ज्यांनी आपली साइट बघितली त्यांना पुन्हा आठवण करून द्यावी. हवामानवाल्यांना जागेचे पैसे मिळाले. मधे माझ्या भावाचं दुखणं या पानावरून त्या पानावर गेलं, आणि ते नेण्याआधी मला कुणी विचारलं नाही. हिस्ट्री पुसून काही झालं नाही याचं कारणही तेव्हा कळलं. मी माझ्याकडची कुठे कुठे गेले त्याची यादी पुसली होती. चिठ्ठी खिशात तशीच होती, आणि वही तर त्यांच्याकडे.

त्यानं त्या संध्याकाळी माझ्या ब्राउझरमध्ये एकच एक्स्टेन्शन, म्हणजे ब्राउझरला जोडायचा छोटा प्रोग्राम, टाकलं, युब्लॉक ओरिजिन. नाव नीट बघून घ्या, नुसतं ‘युब्लॉक’ नावाचं वेगळं आहे. (पुढे मी युब्लॉक म्हणते ते ओरिजिनच.) दोन्हींचं मूळ एकच. रेमंड हिल नावाच्या प्रोग्रामरनं २०१४ मध्ये ते लिहिलं, २०१५ मध्ये प्रकल्प दुसऱ्याकडे सोपवला, आणि लगेचच आपली वेगळी शाखा सुरू केली, म्हणून ‘ओरिजिन’. हा माणूस देणगी घेत नाही. पैसे द्यायचेच असतील तर फिल्टरच्या याद्या सांभाळणाऱ्यांना द्या, असं तो सांगतो. मला हे फार महत्त्वाचं वाटतं, का ते पुढे सांगते.

या याद्या म्हणजे सगळ्याचा जीव. एक्स्टेन्शन स्वतः फक्त दरवान. कुणाला आत सोडायचं नाही हे यादी सांगते. ईझीलिस्ट जाहिरातींसाठी, ईझीप्रायव्हसी पाळत ठेवणाऱ्या स्क्रिप्टसाठी. या दोन्ही सुरुवातीपासूनच चालू असतात. मी त्यात इंडियनलिस्ट जोडली. भारतीय भाषांतल्या साइटसाठीची ही यादी आहे आणि त्या भाषांत मराठी आहे हे बघून मला खरंच बरं वाटलं. एकदा मी ईझीप्रायव्हसीची फाइल उघडून बघितली. हजारो ओळी. एका ओळीत दोन उभ्या रेघा, मग एखाद्या डोमेनचं, म्हणजे वेबसाइटच्या पत्त्याचं, नाव, मग काकपदासारखं एक चिन्ह, पुढे कधी एखादी अट. म्हणजे, या पत्त्यावरून काही मागायचं नाही. एकेक ओळ कुणीतरी माणसानं एखादं पान तपासून लिहिलेली. दर वर्षी बोर्डाचे पेपर तपासणारी मी, मला त्या कामाची चिकाटी कळते.

पण मला खरं वेड लावलं ते लॉगरनं, म्हणजे पान कुठून काय मागतं त्याच्या नोंदवहीनं. एक्स्टेन्शनच्या खिडकीत खाली एक छोटं चिन्ह असतं, ते दाबलं की वेगळी खिडकी उघडते. ती उघडी ठेवून मी तेच हवामानाचं पान पुन्हा लोड केलं. ओळी सरसर यायला लागल्या. प्रत्येक ओळीत वेळ, कोणत्या पानानं मागितलं, काय मागितलं आणि कुठून. नकाशाचे तुकडे, चित्रं, फॉन्ट ही साधी ओळ. अडवलेली ओळ लाल. पहिल्या आठ-दहा ओळी साध्या, मग लाल, लाल, पुन्हा एक साधी, मग लालच लाल. मी नुसती बघत बसले. नकाशा कधीच दिसून स्थिर झाला होता आणि तरी लाल ओळी येतच होत्या. आकडा चाळीसच्या पुढे गेला तेव्हा मी खिडकी मिटली. त्या लाल ओळींत मला बाजारातली ती वही घेतलेली माणसं दिसली.

इथे एक गोष्ट स्पष्ट करते. जाहिरात दिसू नये म्हणून अडवणं आणि मागणीच जाऊ न देणं यात फरक आहे. चित्र झाकलं तरी ते मागवलं गेलं असेल तर समोरच्याला कळायचं ते कळलं. युब्लॉकचा मुख्य भर मागणी जाण्याआधीच थांबवण्यावर आहे. वाचकाच्या खाजगीपणाच्या दृष्टीनं हाच मुद्दा, बाकी पान सुटसुटीत दिसतं हा वरचा फायदा.

महिनाभरानं मी सेटिंगमध्ये जाऊन ‘मी जाणकार वापरकर्ता आहे’ या अर्थाच्या चौकटीत खूण केली. मग एक जाळी उघडते, डावीकडे ज्या पानावर आहात तिथे सामील असलेली सगळी डोमेन, उजवीकडे दोन रकाने. पहिला रकाना सगळ्या साइटना लागू, दुसरा फक्त या साइटला. मी पहिल्या रकान्यात परक्या स्क्रिप्ट आणि परक्या फ्रेम (पानात बसवलेले दुसऱ्या साइटचे चौकोन) लाल केल्या. याला मीडियम मोड म्हणतात. म्हणजे यादीत नाव असो वा नसो, दुसऱ्याच्या घरचा स्क्रिप्ट माझ्या परवानगीशिवाय चालणार नाही.

पहिला आठवडा जिवावर आला. अर्ध्या साइट मोडल्या. बातमीचं पान उघडावं तर नुसता मजकूर, व्हिडिओच्या जागी खड्डा. सगळ्यात वाईट म्हणजे एका पोर्टलवर मुलांचे फॉर्म भरायचे होते, शेवटची तारीख दुसऱ्या दिवशी, आणि कॅप्चाच, म्हणजे समोर माणूसच आहे ना हे तपासणारा चौकोन, दिसेना. ऑफिसातले क्लार्क भाऊसाहेब शेजारी उभे. मी घाबरून एक्स्टेन्शन बंद करणार होते, तेवढ्यात लॉगर आठवला. बघितलं तर कॅप्चा दुसऱ्याच डोमेनवरून येत होता. जाळीत त्या डोमेनच्या ओळीवर, दुसऱ्या रकान्यात, मधला करडा भाग दाबला. करडा म्हणजे हा कडक नियम इथे सोडून दे, पण यादीतले नियम चालू ठेव. पान पुन्हा लोड केलं, कॅप्चा आला. वरचं कुलूप दाबलं की हा नियम कायमचा होतो. भाऊसाहेब म्हणाले, “मॅडम, आमच्याबी कॉम्प्युटरला करून द्या की.” मी त्यांना मीडियम मोड दिला नाही. त्यांच्या टेबलावर रोज दहा पोर्टल उघडतात, त्यांना नुसत्या याद्या पुरेत. रोज मोडणारी गोष्ट माणूस चार दिवसांत काढून टाकतो.

भाऊसाहेबांच्या कॉम्प्युटरवर क्रोम आहे, आणि तिथे गोष्ट अडली. गूगलनं एक्स्टेन्शनसाठी मॅनिफेस्ट व्ही३ नावाची नवी चौकट आणली. जुन्या पद्धतीत प्रत्येक मागणी जाताना एक्स्टेन्शन तिला थांबवून बघू शकत होतं. नव्या पद्धतीत एक्स्टेन्शननं नियमांची यादी आधीच ब्राउझरकडे द्यायची, अडवण्याचं काम ब्राउझर करणार. २०२४ च्या अखेरीपासून क्रोमनं जुनी एक्स्टेन्शन बंद करायला सुरुवात केली आणि २०२५ मध्ये मूळ युब्लॉक ओरिजिन तिथून गेलं. आता तिथे युब्लॉक ओरिजिन लाइट मिळतं. भाऊसाहेबांना मी तेच दिलं आहे आणि त्यांचं काम त्यात भागतं. माझी लाल-करडी जाळी मात्र त्यात नाही. फायरफॉक्सनं जुनी पद्धत चालू ठेवली आहे, म्हणून मी फायरफॉक्सवर आले. तिथे जून २०२२ पासून प्रत्येक साइटच्या कुकी वेगळ्या डब्यात ठेवण्याची सोय सगळ्यांसाठी चालू आहे, म्हणजे एका दुकानात मिळालेली चिठ्ठी दुसऱ्या दुकानात दिसतच नाही. क्रोमनं परक्या कुकी काढून टाकण्याची घोषणा २०२० मध्ये केली होती, पुढे ढकलत ढकलत शेवटी तो बेत सोडला. माझ्या वर्गात जे झालं ते फायरफॉक्सच्या त्या डब्यांमुळेच बहुधा टळलं असतं, युब्लॉक नसतं तरी. मला तेव्हा ठाऊक नव्हतं.

देणगी न घेण्याचा मुद्दा. शिकण्याच्या उत्साहात मी सात-आठ एक्स्टेन्शन टाकली होती. कुणी कुकीचे फलक मिटवणारं, कुणी टॅब झोपवणारं, कुणी पीडीएफ जोडणारं. टाकताना ब्राउझर विचारतो, याला सर्व वेबसाइटवरचा तुमचा डेटा वाचायला आणि बदलायला परवानगी आहे ना? मी हो म्हणत गेले. मग द ग्रेट सस्पेंडर या टॅब झोपवणाऱ्या एक्स्टेन्शनबद्दल वाचलं. वीस लाखांहून जास्त लोक ते वापरत होते. २०२० मध्ये मूळ लेखकानं ते विकलं, नवा मालक कोण हे वापरणाऱ्यांना कळलं नाही, आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये गूगलनं त्यात मालवेअर असल्याचं सांगून ते काढून टाकलं. तीच जुनी परवानगी, फक्त किल्ली दुसऱ्याच्या हातात गेलेली. ते वाचलं त्या रात्री मी पाच एक्स्टेन्शन काढली. पाळत ठेवणाऱ्यांना अडवण्यासाठी ज्याला घरात घेतो, तो सगळ्यात जास्त बघू शकतो. म्हणून त्यामागचा माणूस कोण, त्याचं पोट कशावर चालतं, तो इतकी वर्षं कसा वागला, हे मी सून शोधावी तसं शोधते.

प्रायव्हसी बॅजर हे पाळत अडवणारं एक्स्टेन्शनही मी काही दिवस वापरलं. ईएफएफ या इंटरनेटवरच्या हक्कांसाठी काम करणाऱ्या अमेरिकन संस्थेनं केलेलं, चांगल्या मनानं केलेलं. आधी ते तुमच्या ब्राउझिंगमधून शिकून ट्रॅकर, म्हणजे पाळत ठेवणारे, ओळखायचं. पण तुमच्याकडे ते काय शिकलं यावरूनच तुम्हाला ओळखता येऊ शकतं हे लक्षात आलं, तेव्हा २०२० मध्ये त्यांनी हे घरच्या घरी शिकणं मुळात बंदच ठेवलं (हवं तर चालू करता येतं) आणि सगळ्यांना एकसारखी यादी द्यायला लागले. ही कबुली देण्याची रीत मला आवडली. मी ते काढलं ते केवळ युब्लॉक असताना दुप्पट काम नको म्हणून.

ओळखण्याचा हा दुसरा रस्ता मला जास्त छळतो, कारण त्याला चिठ्ठी लागत नाही. स्क्रीनचा आकार, वेळेचा पट्टा, भाषा, फॉन्ट हे सगळं एकत्र केलं की ठसा तयार होतो. ईएफएफनं २०१० मध्ये सुमारे ४ लाख ७० हजार ब्राउझरचे ठसे तपासले तेव्हा ८३.६ टक्के एकमेव निघाले. त्यांची ती चाचणी आज ‘कव्हर युअर ट्रॅक्स’ या नावानं आहे, मी ती करून बघितली. आणि माझ्या लक्षात आले ते माझे फॉन्ट. प्रश्नपत्रिका टाइप करण्यासाठी, जुन्या फाइल उघडण्यासाठी, माझ्या लॅपटॉपवर मराठीचे कितीतरी जुने फॉन्ट भरलेले होते. पान एखादा शब्द वेगवेगळ्या फॉन्टमध्ये गुपचूप मांडून त्याची रुंदी मोजू शकतं आणि कोणता फॉन्ट आहे, कोणता नाही ते ताडू शकतं. असा फॉन्टसंग्रह जगात किती जणांकडे असणार? आपली भाषा नीट छापता यावी म्हणून जे जमवलं त्यानंच आपण गर्दीत वेगळे दिसायचं, हे मला फार लागलं. मी प्रश्नपत्रिकांचं काम कॉलेजच्या एका जुन्या, नेट नसलेल्या कॉम्प्युटरवर नेलं आणि लॅपटॉपवरचे फॉन्ट काढले.

जाहिराती बंद केल्या तर वर्तमानपत्रांनी जगायचं कसं, हा प्रश्न मला आमच्या स्टाफरूममध्ये मराठीच्या सरांनी विचारला, आणि तो खराच आहे. जाहिरातीला माझी हरकत नाही. घरी येणाऱ्या पेपरात पहिलं पान भरून जाहिरात असते, मी ती बघते. पण मी आतल्या पानावर काय वाचलं ते तो पेपर दुसऱ्या पेपरला जाऊन सांगत नाही. एका दैनिकाच्या साइटची मी वर्गणी भरते. एका छोट्या स्थानिक बातम्यांच्या साइटवर जाहिराती त्यांच्या स्वतःच्याच, पेढ्यांच्या दुकानाच्या, ट्रॅक्टरच्या, तिथे मी युब्लॉकचं मोठं निळं बटण बंद करून ठेवलं आहे.

आणि जे एक्स्टेन्शननं होत नाही तेही सांगायला हवं. त्या तीन रात्रींत एका केंद्राच्या पानावर ‘मोफत सल्ला’ म्हणून मी माझा मोबाइल नंबर भरला होता. पुढे कित्येक आठवडे वेगवेगळ्या केंद्रांचे फोन येत राहिले, एकदा तर मी शिकवत असताना. तो नंबर मी माझ्या हातानं दिला होता, त्याला कुठली यादी अडवणार? आता आजार, पैसा, घरातलं काही वाचायचं असेल तर मी खाजगी खिडकीत वाचते, कुठेही लॉगइन न करता, आणि फॉर्म भरत नाही. फोन करायचा तर मी स्वतः करते. बँकेसाठी फायरफॉक्समध्ये वेगळा कंटेनर, म्हणजे कुकींचा स्वतंत्र डबा, केला आहे.

भाऊ आता सांगलीला असतो, कामावर जातो. मे महिन्यात आला तेव्हा फोन माझ्यापुढे धरून म्हणाला, “ताई, तुझं ते माझ्यापण फोनात टाक.” अँड्रॉइडवरच्या फायरफॉक्समध्ये युब्लॉक ओरिजिन चालतं, टाकून दिलं. अ‍ॅपमधलं यानं थांबणार नाही, ब्राउझरपुरतंच आहे, हेही सांगितलं. त्यानं मान डोलावली. तासाभरानं परत आला. क्रिकेटच्या स्कोअरच्या पानावरचा व्हिडिओ चालत नव्हता. आम्ही दोघं ओट्याजवळ उभे राहून शोधत बसलो. आई विचारत होती, काय एवढं फोनात बघताय. व्हिडिओ ज्या पत्त्यावरून येत होता तो सापडला, तेवढा मोकळा केला, आणि व्हिडिओ सुरू झाला. बाकीचे अडवलेलेच राहिले. त्यानं आकडा मोठ्यानं वाचला, एकतीस, आणि मग मला विचारलं, “यातलं ते केंद्रवालं कुठलं गं?”

आम्ही यादी वरपासून वाचायला घेतली.